इस्तारीनं शिकवलेलं कुंपण

सिंदेवाही तालुक्यातल्या वडेटोल्याचा इस्तारी पचारे जातीनं ढिवर, म्हणजे बापजाद्यांपासून तळ्यातले मासे धरणारा. पण त्याचा स्वतःचा जीव मासोळीपेक्षा शिबिरात जास्त रमायचा. कुठं शिबिर आहे एवढं कानावर आलं की त्याच्या अंगात यायचं. अळिंबीचं शिबिर झालं, मधमाश्यांचं झालं, गांडूळखताचं झालं, बिनधुराच्या चुलीचं झालं. प्रत्येक शिबिराहून तो एक पिशवी, एक टोपी आणि भरपूर बोलणं घेऊन परत यायचा. पिशवीत त्याची बायको चंदाबाई कांदे ठेवायची. टोपी तो उन्हात घालायचा. बोलणं मात्र कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही, आणि गावात ते घ्यायला कुणी पदर पसरत नव्हतं.

गावाचं तरी काय चुकलं म्हणा. इस्तारीच्या अळिंबीवर काळी बुरशी चढली होती. मधमाश्या पेटीत आठवडाभर राहिल्या आणि जंगलात निघून गेल्या. दारातच जंगल असताना त्यांनी पेटीत का राहावं, हे इस्तारीलाही सांगता आलं नव्हतं. नव्या चुलीतून धूर येत नसे हे खरं, पण तिच्यावर भात शिजेपर्यंत माणसाची भूक मरून जायची. तेव्हा इस्तारी काही सांगायला लागला की लोकांना अचानक कामं आठवायची. ढोरं पाजायची राहिलेली असायची, जाळं शिवायचं राहिलेलं असायचं. इस्तारी बोलत राहायचा आणि समोरचा माणूस बसल्या जागी अर्धा उठलेला असायचा.

त्याला पैशाची हाव नव्हती, सरपंच व्हायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की आपल्या गावच्या माणसांनी एकदा तरी खाली बसून आपल्याकडून काही शिकावं. ही इच्छा त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती. बोलक्या माणसाच्या पोटात राहिलेली ती एवढी एकच गोष्ट, पण ती चंदाबाईला माहीत होती.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास सिंदेवाहीत एका लहानशा संस्थेनं बाजाराच्या गल्लीत घर भाड्यानं घेतलं आणि पर्माकल्चरचा वर्ग काढला. शिकवणारी दामिनीताई नागपूरची, शेतकी शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची, सायकलवर फिरणारी. इस्तारी पहिल्याच दिवशी सर्वांच्या आधी जाऊन बसला. पर्माकल्चर हा शब्द त्याच्या जिभेवर कधीच नीट बसला नाही. तो 'परमाकलचर' म्हणायचा. पण दामिनीताई जे सांगत होती ते त्याला पहिल्या तासापासून पटलं. ती खतांची नावं सांगत नव्हती. ती म्हणत होती, आधी तुमच्या जमिनीवर पाणी कुठून येतं आणि कुठं पळून जातं ते काढा. शेत म्हणजे नुसतं पीक नाही, एक रचना आहे. रोज लागतं ते दाराशी लावा, कधीतरी लागतं ते लांब. आणि रचनेत जी वस्तू घ्याल तिनं एकाच कामावर थांबू नये. झाडानं सावलीही द्यावी, फळही द्यावं, पाल्याचं खतही व्हावं.

पाण्याची भाषा ढिवराच्या पोराला वेगळी शिकवावी लागत नाही. तीन बांबूंची चौकट करायची, मधोमध दोरीला दगड लोंबता ठेवायचा आणि ती जमिनीवर टेकवत टेकवत सारख्या उंचीची रेघ काढायची, हे काम वर्गात सर्वांत आधी इस्तारीला जमलं. त्या रेघेवर चर खणला की उतारावरून धावणारं पाणी थबकतं आणि मुरतं. वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं आपापल्या जमिनीचा आराखडा काढायचा होता. इस्तारीनं मोठ्या कागदावर आपलं वावर काढलं. ते गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथून नाला तळ्यात उतरतो तिथं होतं. त्यात त्यानं चर काढले, केळीची गोल आळी काढली, शेवगा, पपई, पेरू, मांडवावर वाल, खाली हळद. कडेला तळं काढलं आणि तळ्यात एक मासोळीही काढली. दामिनीताईनं तो कागद भिंतीवर लावला. इस्तारी त्या दिवशी सायकलवरून घरी आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"आता पाहाजो," तो चंदाबाईला म्हणाला. "आपल्या वावरात लोकं शिकाले येतीन."

"येतीन तवा येतीन," चंदाबाई म्हणाली. "आज माहासंगं झिंगे निवडू लागा."

चंदाबाई तळ्यावरची बाई होती. कंबरभर पाण्यात उभं राहून हातजाळ्यानं झिंगे, म्हणजे कोळंबी, काढणं, शिंगाड्याचे वेल लावणं, मरळ कुठल्या गवतात पिल्लं घेऊन बसली आहे ते नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखणं, हे तिचं. घर तिच्या जाळ्यावर चालायचं. नवऱ्याच्या शिबिरांना तिनं कधी नाक मुरडलं नाही, कधी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

पावसाळ्यात इस्तारीनं झाडं लावली. हिवाळ्यापर्यंत चांगली कंबरेएवढी झाली. मग धान कापलं गेलं, त्यामागून पेरलेली लाखोळीची डाळ निघाली, होळी झाली आणि ढोरं मोकळी सुटली.

झाडीपट्टीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. पीक उभं असेपर्यंत वावर ज्याचं त्याचं असतं. पीक निघून गेलं की सगळं शिवार ढोरांचं. धुरे म्हणजे बांध ओलांडून, धानाच्या बांध्या तुडवत साऱ्या गावची ढोरं कुठंही चरतात, आणि त्यांना कुणी हाकलत नाही. कारण ज्याला दोन बांध्या आहेत त्याची ढोरं दोनच बांध्यांत उन्हाळा कशी काढतील? ज्याला जमीनच नाही त्याची गाय कुठं जाईल? गावाचा गायकी, म्हणजे ढोरं राखणारा, पोचू. तो मागून आरामात चालायचा. उन्हाळ्यात त्याचं काम ढोरं संध्याकाळी घरी आणण्याचं, एवढंच.

तर पोचूची ढोरं इस्तारीच्या आराखड्यात शिरली. केळी, पपई, शेवगा, वालाचा मांडव, काही सोडलं नाही. हळद तेवढी जमिनीत होती म्हणून वाचली. इस्तारी धावत आला तेव्हा पोचू मोहाखाली बसून बिडी ओढत होता.

"अरे, हाकल ना त्यायले!"

"काऊन?" पोचूला खरोखरच कळलं नाही. "उन्हाळा हाये ना, भाऊ."

गावाला चार महिने हसायला विषय झाला. पावसाळ्यात लागवड आणि उन्हाळ्यात दावण, असं इस्तारीच्या बागेला लोक म्हणू लागले. काट्यांचं कुंपण घालावं तर एवढ्या काट्या आणायच्या जंगलातून, आणि जंगलात वनखात्याचा नाकेदार उभा. तारेचं कुंपण त्याच्या ऐपतीबाहेरचं. इस्तारी हिरमुसला, पण बसून राहणारा नव्हता. सिंदेवाहीच्या रस्त्यानं जाताना त्याला नालीच्या कडेनं दाट उभी असलेली बेशरम दिसली. जांभळट फुलांची, पोकळ दांड्याची ही झुडपं विदर्भात कुठल्याही डबक्याशी उभी असतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. इस्तारी थांबून बघत राहिला, कारण ढोरं तिच्याकडे तोंड वळवत नव्हती. दांडे तोडून आणावेत, जमिनीत खोचावेत, आणि महिन्याभरात पालवी. पाणी घालायला नको, राखण करायला नको, नाकेदाराला विचारायला नको.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं वावराच्या चारही बाजूंनी बेशरमीचे दांडे खोचले. पुढच्या होळीला ढोरं आली, कुंपणाला नाक लावून फुरफुरली आणि पुढं निघून गेली. त्या दिवशी इस्तारीनं चंदाबाईला हाताला धरून ते दाखवायला नेलं. ती खरंच खूश झाली; असं तिनं म्हटलंही.

बाग वाढली. दोन-तीन वर्षांत ती अशी झाली की उन्हाळ्यात सारं शिवार उघडं पडलेलं असताना तेवढा एक तुकडा हिरवा दिसायचा. दामिनीताई आपले वर्ग घेऊन यायची. गोंडपिपरीकडचे लोक आले, मूल गावचे आले. इस्तारी टोपी घालून पुढं चालायचा, चर दाखवायचा, केळीचं आळं दाखवायचा. एटापल्लीच्या वर्गाला दामिनीताईनं त्याला सोबत शिकवायला नेलं. तिथल्या माडिया पोरांनी बांबूची चौकट त्याच्यापेक्षा झटपट बांधली, यावर तो खूप हसला. पण परत येताना एस.टी.त तो शिकून गेलेल्यांची गावं बोटांवर मोजत होता. सगळीकडचे लोक शिकून जात होते. वडेटोल्याचा एक माणूस अजून त्याच्या बागेत येऊन बसला नव्हता. पेरू मागायला यायचे, ते निराळं.

वडेटोल्यानं त्याच्याकडून उचललं ते फक्त कुंपण. ते मात्र असं उचललं की बघता बघता तळ्याच्या वरच्या अंगाची सगळी वावरं बेशरमीनं वेढली गेली. घरामागच्या सांदवाड्यांनाही तेच कुंपण, खताच्या खड्ड्यालाही तेच. लोक येऊन विचारायचे, दांडा किती लांब घ्यायचा, किती खोल खोचायचा? इस्तारी सांगायचा आणि ते उभ्या उभ्याच ऐकून जायचे. बसत कुणी नव्हतं, पण ऐकत होते. त्याला तेही खूप वाटलं.

कुंपण, गावच्या बोलीत कूप, दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी छाटावं लागे, नाहीतर ते वावरात शिरे. छाटलेल्या दांड्यांचे ढीग पडू लागले. दामिनीताईच्या शिकवणीत वाया जाणारं असं काही नसतंच. आणि इथंच इस्तारीला आयुष्यातली सर्वांत मोठी कल्पना सुचली.

ढिवरांची एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात तळं आटून मधल्या खोलगट भागापुरतं उरलं की उघड्या पडलेल्या पोटात बोरीच्या, बाभळीच्या काट्यांचे ढीग टाकून ठेवायचे. पावसाळ्यात त्यावर पाणी चढलं की लहान मासोळीला लपायला जागा होते, आणि चोरून जाळं टाकणाऱ्याचं जाळं काट्यांत अडकून फाटतं. पण अलीकडे काट्या आणणं अवघड झालं होतं. नाकेदार कडक आला होता, जवळच्या बोरी संपल्या होत्या. तळ्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे होता आणि सोसायटीत दरवर्षी याच गोष्टीची कुरकुर चालायची.

इस्तारी सोसायटीच्या बैठकीत उभा राहिला. म्हणाला, "काट्या कायले पाह्यजेत? आपल्या कुपाची छाटन हाये ना. ढोरं नाई खात, फुकटची हाये, जवळची हाये. कूप बी झालं आन मासोळीचं घर बी झालं."

 मग चंदाबाईची मावशी गिरजाबाई, जी तळ्यावरच्या सगळ्या बायांत वडील होती आणि जिनं इस्तारीच्या बिनधुराच्या चुलीला गावभर नावं ठेवली होती, ती म्हणाली, "हे मातर बेस सांगतलास, जवाई."

इस्तारीला त्या रात्री झोप लागली नाही. त्यानं चंदाबाईला दोनदा उठवून विचारलं, मावशी नेमकं काय म्हणाली?

पुढच्या चार-पाच दिवसांत साऱ्या गावानं छाटणी डोक्यावरून वाहून तळ्याच्या पोटात टाकली. इस्तारी काठावर उभा राहून कुठं टाकायची ते दाखवत होता. त्या वर्षी मासोळी खरंच चांगली झाली. झिंगे भरपूर आले. दामिनीताई आली, तिनं फोटो काढले, आणि आपल्या वर्गात एका वस्तूची अनेक कामं कशी असतात त्याचं उदाहरण म्हणून वडेटोल्याचं कुंपण सांगू लागली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा टाकलेल्या ढिगांतून इथं तिथं हिरवे कोंब आलेले दिसले, त्यांना दोन-चार फुलंही होती. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मेलेल्या ढिगापेक्षा जिवंत ढीग बरा, असं इस्तारी म्हणाला, आणि लोकांनी त्या वर्षीची छाटणी त्याच्यावरच आणून टाकली.

बोरीची काटी पाण्यात कुजते. बेशरमीचा दांडा कुजत नाही, तो गाठीगाठीतून मुळं सोडतो. एवढाच फरक होता, आणि तो ना ढिवरांच्या रीतीत कुठं आला होता, ना दामिनीताईच्या वर्गात.

तळं एका वर्षात भरलं नाही. तसं झालं असतं तर लोक सावध झाले असते. पहिल्यांदा उथळ काठ गेला. तिथं देवधान, म्हणजे आपोआप येणारं रानटी धान, उगवायचं, त्याच्या गवतात मरळ पिल्लं घालायची. देवधान दिसेनासं झालं. मग शिंगाड्याचे वेल पसरायला जागा उरली नाही. मग बायांची हातजाळी दांड्यांत अडकून फाटू लागली. ज्या ढिगांनी चोराचं जाळं फाडायचं, ते आता घरच्याच बायांची जाळी फाडत होते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वरच्या वावरांच्या कुंपणाचे तुटलेले दांडे वाहत यायचे आणि जिथं अडकतील तिथं रुजायचे. पाच-सहा वर्षांत तळ्याचं मधलं पाणी तेवढं उघडं राहिलं. बाकी सगळीकडे माणसाच्या डोक्याइतकं उंच रान आणि त्यावर ती जांभळट फुलं. दुरून देखावा छान दिसायचा.

चंदाबाई आता दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्याला मजुरीनं जाऊ लागली होती. बाजारातून बाहेरगावची बर्फातली मासोळी विकत आणून ढिवरांच्या घरी शिजू लागली. सोसायटीच्या बैठकीत इस्तारी आला की बोलणं थांबायचं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी आपापल्या हातानं दांडे खोचले होते, आपापल्या डोक्यावरून छाटणी नेली होती. पण त्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी त्या झाडाचं नाव घेईना. 'इस्तारीची बेशरम' म्हणायचे.

इस्तारी आधी मानायलाच तयार नव्हता. पाऊस कमी झाला म्हणून, गाळ साचला म्हणून, बाहेरून आणलेलं मत्स्यबीज खराब निघालं म्हणून, अशी कारणं तो सांगत राहिला. मग एका उन्हाळ्यात कुणाला न सांगता तो विळा घेऊन तळ्यात उतरला आणि सकाळपासून दुपारपर्यंत कापत राहिला. पावसानंतर त्यानं कापलं होतं तिथंच सर्वांत दाट रान आलं. ते बघून आल्यावर तो ओसरीवर बसला.

"चंदे," तो म्हणाला, "माह्यानंच झालं ना हे?"

चंदाबाई फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "तुमी दाखवलं," ती म्हणाली. "आमी टाकलं."

तिनं एवढं बोलून त्याला थोडं हलकं केलं असेल असं कुणाला वाटेल. पण तसं झालं नाही. आयुष्यभर ज्याला वाटत होतं की लोकांनी आपलं ऐकावं, त्याच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं की या लोकांनी आपलं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आणि हे मनात आल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

दामिनीताईला त्यानं स्वतःच बोलावलं. ती आता वर्ध्याकडे असायची, केस थोडे पिकले होते. तिनं काठानं एक फेरी मारली. मग म्हणाली, "मी याचे फोटो दाखवत फिरले, इस्तारीभाऊ. मला विचारायला हवं होतं की पाण्यात हे काय करेल. मी विचारलं नाही." पुढं तिनं जे सांगितलं ते इस्तारीला आतून ठाऊक होतंच. उन्हाळ्यात पोट कोरडं पडतं तेव्हाच मुळासकट खणून काढायचं, आणि नुसतं तळ्यातलं काढून भागणार नाही. वरच्या अंगाची सगळी कुंपणं जायला हवीत. एक जरी उभं राहिलं तरी पहिल्या पुराबरोबर ते पुन्हा तळ्यात उतरेल.

सोसायटीनं बैठक घेतली. कुंपणं काढायची यावर सगळ्यांच्या माना हलल्या. आधी कुणाचं काढायचं, यावर सगळे जमिनीकडे पाहू लागले. बाकीच्यांच्या कुंपणाआड धानाच्या रिकाम्या बांध्या होत्या, फार तर चार मिरच्या. इस्तारीच्या कुंपणाआड मोठी झालेली बाग होती. आणि खणायचं होतं उन्हाळ्यात, ढोरं मोकळी असतात तेव्हाच.

इस्तारी पोचूकडे वळला. "या उन्हाळ्यापुरतं माहं वावर सोडून ढोरं फिरवता येतीन का, पोचूभाऊ?"

पोचू बिचारा उठून उभा राहिला. "दोन-चार असती त फिरवलो असतो जी. साऱ्या गावची ढोरं हायेत. समोर हिरवं दिसलं का माही काठी ऐकतीन का ते?"

"आन एकाले बंद केलं," गिरजाबाई म्हणाली, "त मंग साऱ्यायले बंद कराव लागन. गरिबाची गाय कुठी जाईन?"

 ती खरं बोलत होती, आणि त्याच्या स्वतःच्याही दोन गाई पोचूच्या कळपात होत्या. बैठक उठली. कुणी कुदळ उचलली नाही. त्या आठवड्यात ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या कुंपणाकडे बघून घेतलं.

मग एके दिवशी सकाळी चंदाबाईनं भाकरी बांधून ठेवली, कुदळ घेतली आणि वावराच्या फाटकाशी जाऊन पहिला घाव घातला. तिनं नवऱ्याला विचारलं नाही, बोलावलंही नाही. इस्तारी मागोमाग गेला. थोडा वेळ उभा राहिला. ती खणत होती पण मूळ अर्ध्यात तुटत होतं आणि खालचा भाग मातीत राहत होता.

"असं नाई," तो म्हणाला. "आन इकडे."

त्यानं तिच्या हातून कुदळ घेतली. झाडाच्या चारी अंगांनी माती मोकळी केली, बुडाशी हात घालून हलवलं आणि शेवटच्या बोटभर मुळापर्यंत सगळं उपटून बाहेर काढलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. दुपार व्हायच्या आत निम्मी बाजू उघडी पडली होती. तेवढ्यात गिरजाबाई आली, मागून दोन बाया आल्या, मग सोसायटीचे गडी आले, मग ज्यांना तळ्याशी काही देणंघेणं नव्हतं तेही आले. आधी सगळे उभे होते. ऊन वाढलं तसे बांधावरच्या जांभळीच्या झाडाच्या सावलीला टेकले. इस्तारी सवयीनं बोलू लागला होता.

"कापाचं नाई. एक कापलं का दोन होते. हे पाहा, ही गाठ. या गाठीतून मूळ सुटते, म्हून एक बी गाठ मातीत राहू देऊ नोका. पान्यात त फेकूच नोका, बांधावर बी नाई. खडकावर टाका, कडक वाळू द्या, मंग जाळा. हात धुवा बरं, चीक डोऱ्यात जाते."

कुणी उठलं नाही. एकानं त्याला पुन्हा दाखवायला सांगितलं, त्यानं पुन्हा दाखवलं. एक बाई कुदळ धरून शेजारी बसली आणि तिनं एक मूळ काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि टोक राहिलं आहे म्हणून सांगितलं. ती पुन्हा खणायला लागली. सारा वडेटोला त्याच्या वावरात खाली बसला होता आणि इस्तारीला ते दिसत होतं. तो बोलायचं सोडून एकेकाकडे पाहू लागला, तेव्हा लोकांना वाटलं त्याला तहान लागली आहे, आणि कुणीतरी लोटा पुढं केला.

तो पाणी पीत असताना ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी टापरांचा आवाज आला. नाल्याकडून ढोरं येत होती. पोचू त्यांच्या पुढं येऊन काठी आडवी धरून उभा राहिला. त्याचं ते काम नव्हतं तरी तो उभा राहिला. ढोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी उघड्या पडलेल्या जागेतून आत शिरली. त्यात इस्तारीची तांबडी गायही होती. पहिल्यांदा त्यांनी मांडवावरचा वाल ओढला, मग पपया, मग पेरूच्या खालच्या फांद्या. दोघं-तिघं हाकलायला उठले. इस्तारीनं हातानं त्यांना बसा म्हटलं.

बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येत राहिला. मग गिरजाबाईनं विचारलं, "हे सारं निंगालं का मंग कुपाले का लावाचं, जवाई?"

इस्तारीनं तोंड उघडलं. एरवी अशा प्रश्नाला त्याच्याकडे तीन उत्तरं तयार असायची, आणि तिन्ही तो एका दमात सांगायचा.

"मले नाई माहीत, बाई," तो म्हणाला.

आता हे लोक उठतील, असं त्याला वाटलं. कुणाला जाळं आठवेल, कुणाला ढोरं आठवतील. त्यानं खाली मान घालून कुदळीची माती खरवडली. वर पाहिलं तेव्हा सगळे होते तिथंच होते. गिरजाबाई जरा सरकली आणि तिनं सावलीत आपल्या बाजूची जागा हातानं झाडली.

"मंग बस इथी," ती म्हणाली.

इस्तारी जाऊन बसला. समोर ढोरं केळी खात होती, आणि गाव त्याच्या शेजारी बसून ते पाहत होतं.